शिक्षा कोठे संपते?

एकदा कानफाट्या नाव पडले की ते जन्मभर चिकटते, असे आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्याला त्यात गंमत वाटते. ज्याला ते नाव पडले त्याला मात्र ती गंमत वाटत नाही. न्यायालयाने पाच वर्षांची सजा दिलेला मनुष्य पाच वर्षे भरताच कारागृहाच्या दाराबाहेर येतो. कायद्याच्या वहीत त्याचा हिशेब त्या दिवशी चुकता झालेला असतो. पण तो आपल्या गावच्या स्टँडवर बसमधून उतरतो, तेव्हा तेथे दुसरेच न्यायालय भरलेले त्याला दिसते. या न्यायालयात वकील नाही, अपील नाही, आणि शिक्षेला मुदतही नाही. त्याला कोणी मारीत नाही, कोणी गावाबाहेर घालवून देत नाही. फक्त त्याला कोणी काम देत नाही. या दुसऱ्या न्यायालयाचे न्यायाधीश तुम्ही-आम्हीच आहोत. म्हणून त्याच्या न्यायाचा विचारही आपणच केला पाहिजे.

शालेय वार्षिकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. त्याचे उत्तर साधे आहे. बाप तुरुंगात जातो, तेव्हा त्याच्या घरातून शाळेत येणारे एक मूल असते. त्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नसतो, पण मधल्या सुट्टीत त्याच्या वाट्याला येणारा शब्द त्याच्या बापाच्या शिक्षेचाच एक तुकडा असतो. बाप सुटून आल्यावर त्याला रोजगार मिळाला नाही, तर त्या मुलाची शाळा सुटते आणि त्याचे कोवळे हात ऊसतोडीच्या फडावर किंवा विडीच्या सुपावर जातात. म्हणजे न्यायाधीशाने ज्याला शिक्षा सांगितलीच नव्हती, त्याने ती भोगावयाची! विद्यार्थी मित्रहो, म्हणून हा विषय तुमचा आहे.

आपल्या बोरगावच्या एका अंगाला बेळगाव आणि दुसऱ्या अंगाला कोल्हापूर. बेळगावजवळ हिंडलगा, कोल्हापूरजवळ कळंबा. ही दोन्ही नावे आपल्या बोलण्यात गावांची नावे राहिलेलीच नाहीत. ती तुरुंगांची नावे होऊन बसली आहेत. 'तो हिंडलग्याला होता' एवढे म्हटले की पुढे काही विचारावयाचे उरत नाही. वस्तुतः तेथूनच विचारावयास आरंभ केला पाहिजे. तो तेथे कशासाठी होता? त्याचा गुन्हा सिद्ध झाला होता काय? २०२२ च्या अखेरीस आपल्या देशातील कारागृहांत एकंदर ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ माणसांचे खटले अद्याप चालू होते. म्हणजे शंभरातील सुमारे शहात्तर माणसांना न्यायालयाने अजून अपराधी ठरविलेले नव्हते. यांतील कित्येक पुढे निर्दोष सुटतात. परंतु गावाच्या लेखी निर्दोष सुटलेला आणि शिक्षा भोगून सुटलेला हे दोघे एकाच दावणीचे. दोघांनाही 'आत जाऊन आलेला' हीच एक पदवी!

आपण वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा मोठ्या भक्तीने सांगतो आणि ऐकतो. पण त्या कथेत एक सोय होती, ती आपल्या ध्यानात येत नाही. वाल्या अरण्यात राहिला, त्याच्या अंगावर वारूळ चढले, आणि तो उठला तो ऋषी होऊनच उठला. त्याला पूर्वीच्या गावात परतून कोणाच्या दारी काम मागावयाचे नव्हते. आजच्या वाल्याला अरण्यही नाही आणि वारूळही नाही. त्याला त्याच गल्लीत राहावयाचे आहे, त्याच किराणा दुकानातून मीठमिरची आणावयाची आहे, आणि सकाळी मजुरांच्या रांगेत त्याच मुकादमापुढे उभे राहावयाचे आहे. पश्चात्ताप त्याने मनात केला असेलही, पण पश्चात्तापाने चूल पेटत नाही. चूल पेटावयास मजुरी लागते, आणि मजुरी दुसऱ्याच्या हातात असते.

ती मजुरी देणारे लोक आपल्याच मुलखात होऊन गेले आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव आपल्याकडे कोणास ठाऊक नाही? बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली त्यांचा जन्म झाला. बेळगावात त्यांनी आरंभी सायकलींचे दुकान थाटले आणि पुढे शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला. बेळगाव शहरातील किर्लोस्कर रोड आजही त्यांची आठवण देतो. पुढे कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या हद्दीतील कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ त्यांना दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. निवडुंगाच्या त्या रानात लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

नांगराची कथा पाठ्यपुस्तकांत येते. पहारेकऱ्यांची कथा तितकीशी येत नाही. कारखाना म्हटला की लोखंड आले, अवजारे आली, रोकड आली, आणि त्यांवर रात्रीचा पहाराही आला. लक्ष्मणरावांनी या पहाऱ्याच्या कामावर तुरुंगात शिक्षा भोगून आलेली माणसे नेमली. कोणी शहाणा मनुष्य म्हणेल, हा तर लांडग्याच्या हाती कोकरू देण्याचा प्रकार झाला. लक्ष्मणरावांना तसे वाटले नाही. मनुष्य मूळचा चांगला असतो ही त्यांची श्रद्धा होती, आणि ती त्यांनी व्याख्यानात न ठेवता कामावर लावली. ज्याला कोणी आपल्या ओसरीवर उभे करीत नव्हते, त्याच्या हाती त्यांनी साऱ्या वस्तीची रात्र सोपविली. किर्लोस्करवाडी त्यामुळे बुडाली नाही. ती वाढली आणि नावारूपास आली. हे धाडस करणारा मनुष्य कोणी संन्यासी नव्हता. पै-पैचा हिशेब ठेवणारा तो कारखानदार होता, ही गोष्ट आपल्याकडील व्यापाऱ्यांनी आणि यंत्रमागवाल्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

त्याच औंध संस्थानात पुढे आणखी एक प्रयोग झाला. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर १९३० नंतरच्या दशकात बंगळूर येथे म्हैसूर संस्थानच्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात अधिकारी होते. गांधीजींच्या विचारांकडे ओढले जाऊन ते भारतानंद या नावाने औंधच्या लोककार्यात सामील झाले. बाळासाहेब, त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि हे परदेशी गृहस्थ यांच्या विचारातून १९३९ साली आटपाडीजवळ बंद्यांची एक वसाहत उभी राहिली. तिला नाव दिले स्वतंत्रपूर! तुरुंगाला स्वतंत्रपूर म्हणावे, ही केवळ शब्दांची करामत नव्हती. तेथे भोवती उंच भिंत नव्हती. निवडलेले बंदी आपल्या बायकामुलांसह तेथे राहत, शेत कसत, भाजीपाला पिकवीत. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि बाळासाहेब १९५१ साली निवर्तले, पण त्यांची ही वसाहत मात्र मागे राहिली. सांगली जिल्ह्यातील ते ठिकाण महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने पुढे चालविले आहे.

घरातील वडीलधाऱ्या मंडळींना 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट आठवत असेल. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी तो १९५७ साली काढला, आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर हे आटपाडीच्याच माणदेशातले, आणि त्या कथेच्या मुळाशी हे स्वतंत्रपूर आहे. सहा खुनी आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर, एवढे सर्वांच्या लक्षात राहते. परंतु त्या कथेतील खरा विरोध कोठून येतो, तेही पाहावे. हे सहाजण घाम गाळून पिकविलेली भाजी बाजारात रास्त भावाने विकू लागतात, तेव्हा त्यांच्यावर उठतात ते बाजारातले प्रतिष्ठित व्यापारी. बंदी सुधारले होते; बाजार सुधारला नव्हता! आपल्या प्रश्नाचे मर्म मला या ठिकाणी दिसते. मनुष्याला बदलण्याची खटपट आपण कारागृहात करतो, आणि तो बदललेला मनुष्य ज्या बाजारात परत येतो तो बाजार मात्र जसाच्या तसा ठेवतो.

स्वतंत्रपूरचे तत्त्व अन्यत्रही फळास आले आहे. राजस्थानात डॉ. संपूर्णानंद राज्यपाल असताना १९६३ साली जयपूरजवळ सांगानेर येथे खुले बंदी शिबिर निघाले. तेथील बंदी कुटुंबासह राहतात, दिवसा बाहेर जाऊन आपापला रोजगार करतात आणि संध्याकाळच्या हजेरीला परत येतात. शिक्षा संपते तेव्हा त्यांच्या हातात काम असते आणि घर मोडलेले नसते. परंतु २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांपैकी खुली कारागृहे अवघी ९१ होती. म्हणजे बहुसंख्य माणसे उंच भिंतींच्या आतून थेट आपल्या गावच्या चौकात येऊन पडतात. मधली पायरी त्यांना लाभतच नाही. ती पायरी मग गावानेच बांधावी लागते.

शासन आणि न्यायालये यांनी आपल्या परीने काही केले आहे, हेही सांगितले पाहिजे. बंद्याला त्याच्या श्रमाचे न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली, म्हणजे तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, न्यायालयाने सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही सामान्यतः असेच संरक्षण दिले आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवडा कारागृहातील बंद्यांसाठी 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू केली. तीत बंद्याच्या कुटुंबाच्या गरजेसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले. बँकेने बंद्याच्या श्रमावर भरवसा ठेवला! मग त्याच्या शेजाऱ्याने तो ठेवण्यास हरकत काय?

हरकती आहेत, आणि त्या खोट्या नाहीत. पहिली हरकत गरिबाची. "आयुष्यभर सरळ वागलेल्या माझ्या मुलाला काम मिळत नाही, मग चोराला आधी का?" असे एखादा बाप विचारील, तर त्याला रागाने उत्तर देऊ नये. सुटून आलेल्यास आधी काम द्या असे कोणीच म्हणत नाही. तो रांगेत उभा राहील. रांगेतून त्याला बाहेर काढू नका, एवढेच मागणे आहे. ज्याला हात असून काम नाही आणि लाजही उरलेली नाही असा मनुष्य गावात असणे, हे त्या सरळ मुलाच्याही हिताचे नाही.

दुसरी हरकत अधिक जड आहे. ज्याच्या घरात चोरी झाली, ज्याचा भाऊ मारला गेला, त्याने काय करावे? अपराध्यावर दया करताना आपण त्याला विसरतो, हा आरोप पुष्कळदा खरा असतो. त्या घराला क्षमा करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. सुटून आलेल्या माणसाने त्या दारावरून छाती काढून जाऊ नये; शक्य असेल तेथे नुकसान भरून द्यावे. वर सांगितलेल्या १९९८ च्या निकालातही बंद्याच्या वेतनातील काही वाटा पीडितांच्या भरपाईसाठी काढून ठेवण्याचा विचार न्यायालयाने मांडला आहे. पण भरपाई करावयाची तर मिळकत हवी, आणि मिळकत हवी तर काम हवे. उपाशी माणसाच्या सुडातून किंवा लाचारीतून कोणत्याही पीडिताचे नुकसान भरून निघालेले नाही.

तिसरी हरकत भीतीची. ती घालविण्यासाठी डोळे मिटून विश्वास टाकावा असे नाही. अफरातफरीच्या गुन्ह्यातून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसवू नये. ज्याने मुलांवर अत्याचार केला त्याला मुलांच्या जवळचे काम कधीही देऊ नये. विश्वास हा विहिरीच्या पायऱ्यांसारखा एक एक पायरी उतरत द्यावयाचा असतो. पण पहिली पायरी तरी दाखविलीच पाहिजे. लक्ष्मणरावांनी एकदम रात्रीचा पहारा दिला. आपल्याला तेवढे धैर्य नसेल, तर दिवसाचे काम तरी द्यावे.

आपल्या भागात असे काम नाही असे कोणी म्हणू नये. ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, निपाणीकडे तंबाखूच्या वखारी आहेत, नदीपलीकडे इचलकरंजीत माग आहेत. मोठ्या कारागृहांतून विणकाम, सुतारकाम, शिवणकाम शिकविले जाते. ते हात घेऊन मनुष्य बाहेर येतो. शिवाय दूध संस्था आहेत. एक म्हैस आणि थोडे भांडवल मिळाले, तर त्याला कोणाच्या शिफारशीची गरज राहत नाही. डेअरीत दुधाची फॅट मोजतात, दूध घालणाऱ्याचा भूतकाळ मोजीत नाहीत. गावातील एखादा शिक्षक, एखादा पंचायत सदस्य, एखादा जुना शेतकरी यांनी "याचा सहा महिन्यांचा भरवसा मी देतो" एवढे म्हटले, तर पुष्कळ दारे उघडतील. मालकाला धास्ती असते ती एकट्याने जोखीम घेण्याची. गावाने ती वाटून घेतली तर तिचे ओझे वाटत नाही.

विद्यार्थ्यांनीही करण्यासारखे एक काम आहे, आणि ते सीमाभागातील विद्यार्थीच उत्तम करू शकतील. सुटून आलेल्या माणसापुढे पहिली अडचण उभी राहते ती कागदांची. शिधापत्रिकेवरील नाव, आधार कार्ड, बँकेचे बंद पडलेले खाते, सुटकेचा दाखला, न्यायालयाची नक्कल! यांतील पुष्कळसे कागद कन्नडमध्ये, आणि घर मात्र मराठी वाचणारे. तुम्ही शाळेत दोन्ही भाषा शिकता. त्या घराच्या ओसरीवर तासभर बसून एक अर्ज वाचून दाखविणे, एक अर्ज भरून देणे, याला पैसा लागत नाही. भाषेचा अभिमान आपण सभेत बोलून दाखवितो; तिचा असाही उपयोग करून पाहावा.

आणि याहून सोपे एक काम. वर्गातील कोणत्याही मुलाला त्याच्या बापाच्या शिक्षेवरून हाक मारू नका, आणि मारणाऱ्याला हसून साथ देऊ नका. हसणारे नसले की असल्या हाका आपोआप बंद पडतात.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. कोल्हापूरच्या अंबाबाईला आपल्यापैकी बहुतेक घरे जातात. तेथील प्रसादाचे लाडू काही काळ कळंबा कारागृहातील बंद्यांच्या हातांनी वळले जात असत. आपण ते लाडू कपाळाला लावून घेतले, घरी आणून शेजारीपाजारी वाटले, आणि ते कोणी वळले हे विचारले नाही. विचारावयाचे कारणही नव्हते. हात स्वच्छ होते आणि काम नीट झाले होते. तेच हात उद्या शिक्षा संपवून आपल्या गावी येतील. ते काम मागतील, प्रसाद मागणार नाहीत. देवीच्या दारी जे हात आपल्याला चालले, ते आपल्या दारी चालतील की नाही, याचे उत्तर न्यायालय देणार नाही आणि शासनही देणार नाही. ते बोरगावातील प्रत्येक घराने, प्रत्येक दुकानाने आणि प्रत्येक वर्गाने द्यावयाचे आहे.